निष्कर्षांची हमाली कोणी करायची?

संसर्गजन्य रोगांवर काम करणाऱ्या संशोधकांना अंमलबजावणीचे प्रशिक्षण द्यावे की नाही, हा वाद आरोग्यक्षेत्रात बरीच वर्षे चालू आहे आणि दोन्ही बाजू तो चुकीच्या जागी उभ्या राहून घालत आहेत. एक बाजू म्हणते, संशोधकाने संशोधन करावे. लस, औषध, चाचणी लोकांपर्यंत नेणे हे शासनाचे काम. संशोधकाला व्यवस्थापन शिकवत बसलात तर तो ना धड शास्त्रज्ञ राहील, ना धड अधिकारी होईल. दुसरी बाजू म्हणते, ज्ञान केव्हाच तयार आहे, नियतकालिकांत पडून आहे. संशोधकांना चार दिवस कार्यशाळेत बसवा, धोरणकर्त्यांशी बोलायला शिकवा, म्हणजे झाले. भांडण जोराचे आहे, पण एक गोष्ट दोघांनाही मान्य आहे: ज्ञान आधी पूर्ण होते आणि मग ते फक्त पोचवायचे उरते. उरते ती हमाली. ओझे कोणाच्या डोक्यावर द्यायचे, एवढाच काय तो मतभेद.

मला हे गृहीतकच मान्य नाही. औषध गुणकारी आहे हे कळणे ही एक गोष्ट. ते अमुक व्यवस्थेत, अमुक हातांतून, अमुक रुग्णापर्यंत गेल्यावरही गुण देते की नाही हे कळणे ही दुसरी गोष्ट, आणि ती पहिलीतून आपोआप निघत नाही. ती शोधावी लागते. त्या शोधातही गृहीतके खोटी ठरतात, अपेक्षेच्या उलट निकाल येतात, आकडे फसवतात. म्हणजे ते संशोधनच आहे आणि त्याला प्रशिक्षण लागते. मात्र आज या नावाखाली जे दिले जाते त्यातले बरेचसे कुचकामी आहे, आणि ते सरसकट सगळ्या संशोधकांच्या गळ्यात मारण्याचीही गरज नाही.

आधी एका आकड्याविषयी. या विषयावरच्या भाषणांत तो हमखास येतो: संशोधन व्यवहारात उतरायला सरासरी १७ वर्षे लागतात. हा आकडा २००० साली अमेरिकेत झालेल्या एका मांडणीतून आला. शोधनिबंध छापून येणे, तो सूचीत जाणे, पाठ्यपुस्तकात शिरणे, वापरात येणे अशा टप्प्यांना लागणाऱ्या काळाची ती बेरीज होती. बेरीज म्हणून ठीक आहे, पण तिच्यामुळे एक भलतीच समजूत पसरली की अडचण निव्वळ वेळेची आहे. जणू निष्कर्ष रस्त्यात कुठेतरी रखडलाय, त्याला धक्का दिला की पोचेल. वेगाने पोचूनही निष्कर्ष निकामी ठरला तर? तशी उदाहरणे आहेत, आणि या वादात ती फारशी कोणी काढत नाही.

गंभीर मलेरिया झालेल्या लहान मुलाला तोंडाने औषध घेता येत नाही आणि इंजेक्शन देणारे केंद्र अनेकदा लांब असते. यावर आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाची गुदमार्गे द्यायची गोळी हा सुंदर उपाय होता. गावातली आरोग्यसेविका ती गोळी देईल आणि मुलाला ताबडतोब पुढे पाठवेल. बांगलादेश, घाना आणि टांझानियात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली आले. केंद्रावर पोचायला सहा तासांहून जास्त लागणाऱ्या मुलांमध्ये मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांचे प्रमाण या एका गोळीने जवळपास निम्म्यावर आले होते. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणाला हवा? मग काँगो लोकशाही प्रजासत्ताक, नायजेरिया आणि युगांडा या देशांत ही गोळी रोजच्या आरोग्यसेवेत आणली गेली आणि २०१८ ते २०२० या काळात तिच्या परिणामांचा पाठपुरावा झाला. मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. गोळी बिघडली नव्हती. पण गोळी दिल्यावर अनेक मुले पुढच्या केंद्रावर गेलीच नाहीत, आणि जी गेली त्यांतल्या अनेकांना तिथे पूर्ण उपचार मिळाले नाहीत. अर्धवट उपचारामुळे औषधाला प्रतिकार वाढण्याची भीती उभी राहिली ती वेगळीच. जानेवारी २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशांना सांगितले की पुढील सूचना येईपर्यंत हिचा विस्तार थांबवा. गोळी, पुढे पाठवणे, इंजेक्शन, त्यानंतरचा पूर्ण औषधक्रम ही एकच साखळी आहे, तिची एक कडी वेगळी काढून वाटता येत नाही, हे कोणत्या प्रयोगशाळेत कळले असते? आणि एखाद्या अधिकाऱ्याने नुसत्या वाटपाच्या नोंदी पाहिल्या असत्या तर त्याला काय दिसले असते? उद्दिष्टपूर्ती.

क्षयरोगातही तेच झाले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये जीन-एक्स्पर्ट या चाचणीची शिफारस केली. दोन तासांत निदान, शिवाय रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही हेही कळते. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा ती सरस आहे यात शंका नाही. पण दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानिया इथल्या प्राथमिक केंद्रांत ती वापरून पाहिली तेव्हा त्याच दिवशी उपचार सुरू होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, तरी सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या प्रकृतीत मोजता येईल असा फरक पडला नाही. कारण साधे होते. तिथले डॉक्टर लक्षणांवरून आणि क्ष-किरण चित्रावरून आधीच बऱ्याच जणांना औषध सुरू करत होते. नव्या यंत्राने जी चूक दुरुस्त करायची, ती तिथल्या व्यवहाराने आपल्या परीने आधीच भरून काढलेली होती. याचा अर्थ यंत्र वाया गेले असा नाही. औषधाला दाद न देणारा क्षय ओळखायला ते मोलाचेच आहे. पण त्याचा फायदा नेमका कुठे होईल आणि कुठे होणार नाही, हे यंत्राच्या अचूकतेवरून सांगता आले नसते.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यातला पहिला, अंमलबजावणी प्रशासनावर सोडा, हा वाटतो तेवढा आळशी नाही. प्रशासनाकडे अधिकार असतो, माणसे असतात, पैसा असतो. संशोधकाकडे यातले काहीच नसते. हे कबूल. पण प्रशासनावर पूर्णपणे सोडल्यावर काय होते, याची आठवण मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. रोग संसर्गाचा आहे, रोग्याला वेगळे ठेवावे, घर निर्जंतुक करावे, ही त्या काळची शास्त्रीय समजूत होती. १८९७ साली पुण्यात रँडसाहेबाने ती गोऱ्या शिपायांकरवी अमलात आणली. झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, माणसे ओढून नेली गेली. लोक रोगी लपवू लागले. रोगी लपवला गेला की रोग वेगळा ठेवायचा कसा? ज्या निष्कर्षाच्या आधारे हे चालले होते तो अर्धा होता, उंदरांवरच्या पिसवांचा भाग सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ साली दाखवला, ही गोष्ट निराळीच. जून १८९७ मध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. ही कथा आपण राजकीय इतिहास म्हणून वाचतो, आणि ती आहेही. पण लोकांच्या वागण्याबद्दल काहीही न विचारता राबवलेल्या रोगनियंत्रणाचे काय होते, याचाही तो दस्तऐवज आहे. परकी सत्ता होती म्हणून असे झाले, असे म्हणून सुटता येत नाही. आपल्या सत्तेखालचे अधिकारीही लोक अडाणी आहेत हेच गृहीत धरून योजना आखतात.

ते गृहीतक एकदा चांगलेच उघडे पडले होते. १९६० च्या आसपास भारताचा क्षयरोग कार्यक्रम आखताना अशी समजूत होती की खेड्यातल्या माणसाला आपल्या खोकल्याचे गांभीर्य कळत नाही. म्हणून फिरत्या क्ष-किरण गाड्या पाठवून रुग्ण हुडकावे लागतील आणि आधी लोकशिक्षण करावे लागेल. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले समाजशास्त्रीय अंगाने काम करणारे डॉ. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात जाऊन रुग्णांनाच विचारले. बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. निम्म्याहून अधिक लोक उपचारासाठी कुठे ना कुठे जाऊनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले होते. अज्ञान दवाखान्यात होते, रुग्णात नव्हते. १९६३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आणि त्याच संस्थेतले सोबतचे काम यांतून एक साधी दिशा निघाली: जो खोकला घेऊन दवाखान्यात आपण होऊन येतो त्याची थुंकी तिथेच तपासा. त्याआधी मद्रासच्या क्षयरोग उपचार-संशोधन केंद्राने १९५९ साली दाखवून दिले होते की घरी राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामात राहणाऱ्या रुग्णाइतकाच बरा होतो. औषधे तीच. बदलला तो प्रश्न, आणि तो प्रश्न विचारायला यायला हवा होता. प्रशासनाने कितीही प्रामाणिकपणे काम केले असते तरी गाड्याच पाठवल्या असत्या.

दुसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. आपल्याच निष्कर्षाच्या प्रसाराला लागलेला संशोधक संशयी राहत नाही. त्याची गुंतवणूक होते. प्रतिकूल पुरावा त्याला दिसेनासा होतो. शिवाय सुरुवातीचे निष्कर्ष बरेचदा टिकत नाहीत, मग ते घाईने लोकांपर्यंत नेण्याचे शिक्षण म्हणजे चूक पसरवण्याचेच शिक्षण नाही का? २०२० साली कोविडच्या साथीत घाईने वापरल्या गेलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचे जे झाले ते सगळ्यांनी पाहिले. पण त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण या आक्षेपवाल्यांनी नीट पाहावे. ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली ती पावणेदोनशेच्या आसपास सामान्य रुग्णालयांत. अर्ज छोटा, नोंदी मोजक्या, रोजची रुग्णसेवा करणारेच डॉक्टर आणि परिचारिका रुग्णांना चाचणीत घेत होते. जूनमध्ये काही दिवसांच्या अंतराने या एकाच चाचणीतून दोन निकाल आले: हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग नाही, आणि डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध श्वसनयंत्रावरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी करते. दुसऱ्याचा वापर तत्काळ सुरू झाला. पोचवायचे काही उरलेच नव्हते, कारण जिथे वापर व्हायचा तिथेच शोध लागला होता. ‘नाही’ म्हणण्याची आणि ‘हो’ म्हणण्याची ताकद एकाच रचनेतून आली. पक्षपाताची भीती खरी आहे, म्हणूनच अंमलबजावणी शिकवताना प्रचार शिकवू नये, मोजणी शिकवावी. आणि औषध शोधणाऱ्यानेच त्याच्या प्रसाराचे मूल्यमापन करू नये, असा नियमही खुशाल करावा.

तिसरा आक्षेप डाव्या बाजूने येतो. खरा अडथळा पैसा आणि सत्ता हाच आहे. प्रशिक्षणाच्या गप्पा म्हणजे त्यावर टाकलेला पडदा. एचआयव्हीवरचे संयुक्त औषधोपचार १९९६ साली परिणामकारक ठरले, आणि आफ्रिकेतली माणसे त्यानंतरही वर्षानुवर्षे मरत राहिली. त्यांना वाचवले ते कोणत्या अभ्यासक्रमाने नाही. २००१ साली सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरमध्ये औषधे देऊ केली, रुग्णांच्या संघटना रस्त्यावर आल्या, पेटंटवर लढे झाले, त्याने वाचवले. यातले एक अक्षरही मला नाकारायचे नाही. किमती उतरल्या नसत्या तर बाकी सगळे बोलणे फोल होते. पण किमती उतरल्यावर काय झाले? औषध होते आणि ते द्यायला डॉक्टर नव्हते. परिचारिकेने उपचार सुरू केले तर चालेल का? प्रयोगशाळेच्या तपासण्या कितपत टाळता येतील? महिन्याच्या महिन्याला दिवसभर चालून औषध न्यायला येणारा माणूस किती महिने येईल? मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ साली रुग्णांचे छोटे गट केले गेले, साधारण सहा जणांचे. दर महिन्याला त्यांतला एकच केंद्रावर जाई, स्वतःची तपासणी करून घेई आणि सगळ्यांची औषधे घेऊन येई. उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण या गटांत फार कमी राहिले. पैशाने औषध त्या प्रांतापर्यंत आणले. माणसे उपचारात टिकली ती या व्यवस्थेमुळे, आणि ती व्यवस्था कुणीतरी आखली, तपासली, इतरांना पटवून दिली. राजकीय लढा जिंकलेल्यांच्या हाती जिंकल्यानंतर काय असते, हा प्रश्न लढणाऱ्यांनीच जास्त आस्थेने विचारायला हवा.

एवढे झाल्यावर प्रशिक्षणवाल्यांकडे वळू, कारण त्यांच्यावर माझा राग अधिक आहे. त्यांच्या मनातला अडथळा एकच: माहिती पोचलेली नाही. जलसंजीवनीचा इतिहास त्यांनी वाचावा. १९६८ साली ढाक्यात तोंडावाटे दिलेल्या क्षार-साखरेच्या पाण्याने पटकीचे रुग्ण सावरतात हे दिसले. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते हजारोंना देऊन दाखवले. १९८० पासून बांगलादेशात ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने घरोघरी जाऊन आयांना मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले, आणि दशकभरात एक कोटीहून अधिक घरे गाठली. शिकवणारीचा मोबदला तिने किती घरे केली यावर ठरत नव्हता. नंतर वेगळी तपासनीस जाऊन आईला काय आठवते, ती पाणी नीट करते का, हे पाही आणि त्यावरून मोबदला ठरे. आयांना सगळे आठवत होते. तरीही मुलाला जुलाब झाल्यावर पाणी देणाऱ्या थोड्या होत्या. का? शोध घेतल्यावर कळले की शिकवणाऱ्या बायांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या दुसरे औषध घेत. आणि घरातल्या पुरुषांशी कोणी बोललेच नव्हते. मग शिकवणाऱ्यांना ढाक्याला नेऊन हे पाणी कसे काम करते ते समजावले गेले, पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या, वापर वाढला. माहिती, आठवण, विश्वास, वापर या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. ब्रॅकला ते कळले, कारण त्यांनी आपले अपयश मोजले. पाच दिवसांच्या कार्यशाळेत अपयश मोजायला वेळच कुठे असतो? तिथे आराखडे शिकवले जातात. अडथळ्यांचे वर्गीकरण, घटकांचे तक्ते, बाण. २००६ साली या विद्येचे स्वतंत्र नियतकालिक निघाले, सिद्धांतांची रेलचेल झाली, आणि विद्यार्थी रकाने भरण्यात पटाईत झाले. दहा सिद्धांत पाठ असलेला आणि एकदाही आरोग्यकेंद्राची औषधनोंदवही हातात न धरलेला अंमलबजावणी-तज्ज्ञ ही आपल्या काळाची खास निर्मिती आहे.

मग कसे शिकवावे? याचे नमुने जुने आहेत. अमेरिकेत १९५१ साली अलेक्झांडर लँगम्यूर यांनी साथरोग गुप्तवार्ता सेवा सुरू केली, ती जैविक युद्धाच्या भीतीपोटी. पण तिची शिकवण्याची पद्धत भीतीपेक्षा जास्त टिकली. थोडे आठवडे वर्ग, आणि मग दोन वर्षे प्रत्यक्ष नेमणूक. साथ आली की जायचे, चुकायचे, वरिष्ठापुढे उत्तर द्यायचे. थायलंडने १९८० साली याच धर्तीवर आपला कार्यक्रम उभारला आणि मग अनेक देशांनी. दुसरा नमुना अलीकडचा आहे. ‘सॉर्ट-इट’ म्हणून ओळखला जाणारा अभ्यासक्रम २००९ साली सुरू झाला. त्यात आरोग्य कार्यक्रमात काम करणारी माणसेच घेतात, त्यांच्याच कामातल्या नोंदींवरून त्यांचाच प्रश्न सोडवायला लावतात, आणि ठरल्या तारखेला टप्पा गाठला नाही तर अभ्यासक्रमातून काढतात. ही शिस्त मला आवडते. माझी तक्रार इतकीच की तिचे शेवटचे फळ पुन्हा शोधनिबंधच मानले जाते. निबंध लिहिता न येणारी हुशार पर्यवेक्षिका या चाळणीतून गळते.

सगळ्या संशोधकांना हे शिकवावे असे मी म्हणत नाही. जंतूच्या पेशीभित्तिकेवर आयुष्य घालवणाऱ्याला गावोगाव फिरवण्यात अर्थ नाही. त्याला एवढेच कळावे की आपला शोध ही गोष्टीची सुरुवात आहे. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांना मात्र जोडीने घ्यावे, एक संशोधक आणि एक कार्यक्रम अधिकारी. प्रश्न अधिकाऱ्याच्या अडचणीतून यावा, पद्धत संशोधकाने आणावी, आणि दोघांनी मिळून किमान दोन वर्षे एकाच भागात राहावे. त्या काळात अधिकाऱ्याची बदली होणार नाही असे लेखी घ्यावे लागेल. हे सांगताना मला हसू येते, पण अशा कित्येक प्रयत्नांचा शेवट तिथेच होतो. विद्यापीठांनी बढतीसाठी निबंधांच्या संख्येसोबत हेही मोजावे की संशोधकाने आपली योजना चालत नाही हे वेळीच दाखवून ती थांबवली का. मलेरियाच्या गोळीचा विस्तार थांबवणाऱ्या अभ्यासकांना कोणत्या रकान्यात गुण मिळतील, हे आजच्या मूल्यांकन अर्जात शोधून पाहावे. आणि अभ्यासक्रम संपल्यावर वर्षाभराने कोणीतरी पुन्हा त्या केंद्रावर जाऊन पाहावे: परिपत्रकातली ओळ बदलली का, बदललेली ओळ परिचारिकेपर्यंत आली का, तिने काही दिवसांनी ती सोडून दिली असेल तर का सोडली. त्या फेरीच्या खर्चाची तरतूद प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात क्वचितच असते. समारोपाच्या कार्यक्रमाची मात्र असते.